देव मानण्या-न मानण्यात अकलेचा वाटा किती?

देव मानणारे बुद्धीने कमी आणि न मानणारे जास्त, असं म्हणणाऱ्यांच्या हाताशी गेल्या काही वर्षांत एक आकडा आला आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचे मायरन झुकरमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९२८ पासून झालेले ६३ अभ्यास एकत्र तपासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. ५३ अभ्यासांत बुद्धिमत्ता चाचणीचे गुण आणि धार्मिकता यांचं नातं उलटं निघालं, म्हणजे एक जास्त तिथे दुसरं कमी. १० अभ्यासांत ते सुलटं निघालं. २०२० मध्ये झुकरमन यांच्या गटाने ८३ अभ्यास घेऊन हिशेब पुन्हा मांडला, तेव्हाही उत्तर फारसं बदललं नाही. काम काळजीने केलेलं आहे आणि ते झटकून टाकणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पण 'श्रद्धाळू माणूस मठ्ठ असतो' हे जे त्यावरून सांगितलं जातं, ते या आकड्यांतून निघतच नाही. का निघत नाही, हे नीट उलगडून बघण्याची गरज आहे. या एका समजुतीमुळे चांगली माणसं एकमेकांचं ऐकून घेणं बंद करतात, आणि अंधश्रद्धेविरुद्ध खरोखर झटणाऱ्यांचं कामही त्यामुळे बिघडतं.

आधी आकडा किती मोठा आहे ते पाहू. सहसंबंध उणे १ ते अधिक १ या दरम्यान मोजतात. शून्य म्हणजे काहीच नातं नाही. इथे तो उणे ०.२० ते उणे ०.२५ च्या आसपास आहे. त्याचा वर्ग केला की दोहोंचा एकमेकांशी जोडलेला भाग कळतो, तो ४ ते ६ टक्के भरतो. लोकांच्या धार्मिकतेत जो फरक दिसतो त्यातला ९४ ते ९६ टक्के भाग चाचणीच्या गुणांवरून सांगताच येत नाही. हेच माणसांच्या भाषेत मांडू. एक हजार प्रौढ घ्या. चाचणीच्या गुणांनुसार त्यांचे दोन सारखे भाग करा आणि वरचे ५०० वेगळे काढा. काहीच संबंध नसता तर या ५०० मध्ये कमी धार्मिक २५० आणि जास्त धार्मिक २५० सापडले असते. उणे ०.२० इतका संबंध असेल तर कमी धार्मिक साधारण २८२ आणि जास्त धार्मिक २१८ सापडतात. म्हणजे हुशार ठरलेल्या अर्ध्या गटात दर पाचांत दोनहून अधिक जण चांगलेच धार्मिक असतात. समोरच्या माणसाच्या श्रद्धेवरून तो वरच्या गटात आहे की खालच्या, हा अंदाज शंभरात ५६ वेळा बरोबर येईल. नाणं उडवून तो ५० वेळा बरोबर येतोच.

गुणांत सांगायचं तर बुद्ध्यंकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे लोकांचे गुण सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप, १५ धरतात. धार्मिकता एका प्रमाण विचलनाने वाढली तर सरासरी बुद्ध्यंक ३ ने कमी दिसतो. एकाच माणसाची चाचणी दोन वेगवेगळ्या दिवशी घेतली तरी तीन-चार गुणांचा फरक सहज पडतो.

आता मोजमापाकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. असा अभ्यास करायला दोन मापं लागतात, एक बुद्धीचं आणि एक श्रद्धेचं. पहिल्याचा इतिहास बऱ्याच जणांना ठाऊक असतो. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये जी चाचणी बनवली तिचं काम एवढंच होतं, की शाळेत ज्या मुलांना जादा मदत लागेल ती ओळखता यावीत. पुढच्या चाचण्यांत शब्दसंग्रह, आकृत्यांची मालिका पुरी करणं, ऐकलेले अंक उलटे म्हणणं असे भाग आले. या चाचण्या निरर्थक नाहीत, शाळेतली आणि कामावरची कामगिरी त्या बऱ्यापैकी सांगतात. पण विसाव्या शतकात अनेक देशांत दर दशकाला सुमारे ३ गुणांची वाढ झाली. इतक्या थोड्या काळात माणसाची जात बदलत नसते. शाळा, पोषण आणि अमूर्त आकृत्या हाताळायची सवय या गुणांत उतरलेली असते. म्हणून शिक्षण आणि राहणीमान हिशेबात न घेता 'बुद्धी आणि श्रद्धा' असा संबंध लावला, की त्यातला काही भाग प्रत्यक्षात 'शाळा आणि श्रद्धा' असा असतो. २०१६ मध्ये जुन्या अभ्यासांची जी फेरतपासणी झाली तिने हेच दाखवलं. शिक्षण आणि जीवनमान लक्षात घेतल्यावर नातं आणखी पातळ होत गेलं.

दुसरं माप जास्त अडचणीचं आहे. श्रद्धा मोजायची कशी? प्रश्नावल्यांत सहसा विचारतात: देव आहे असं तुम्ही मानता का, प्रार्थनास्थळी किती वेळा जाता, प्रार्थना किती वेळा करता, धर्मग्रंथातला शब्द न् शब्द खरा मानता का. हे चार प्रश्न म्हणजे चार वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा माणूस सवयीने दर आठवड्याला प्रार्थनेला जातो आणि मनातून काही मानत नाही. दुसरा कुठेच जात नाही, पण रात्री झोपताना हात जोडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. झुकरमन यांच्या संकलनातही आचाराशी असलेलं नातं विश्वासाशी असलेल्या नात्यापेक्षा कमजोर निघालं.

प्रश्न कसा विचारला याने उत्तर कसं फिरतं, याचं चांगलं उदाहरण जेम्स ल्यूबा यांच्या पाहणीत सापडतं. त्यांनी १९१४ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना विचारलं, की ज्याची प्रार्थना केल्यावर उत्तर मिळेल अशी अपेक्षा धरता येते, अशा देवावर तुमचा विश्वास आहे का? सुमारे ४२ टक्के 'हो' म्हणाले. १९९६ मध्ये तोच प्रश्न तशाच शब्दांत विचारला गेला, तेव्हाही सुमारे ३९ टक्के 'हो' म्हणाले. आता हा प्रश्न निर्गुण ब्रह्म मानणाऱ्या अद्वैतवाद्याला विचारा. त्याला 'नाही' म्हणावं लागेल, आणि त्याची गणना अश्रद्धांत होईल. भारतीय दर्शनांत तर हा गुंता आणखी वाढतो. तिथे 'नास्तिक' या शब्दाचा जुना अर्थ वेदाचं प्रामाण्य न मानणारा असा आहे. सातव्या शतकातले कुमारिल भट्ट वेदाचे कट्टर रक्षक होते आणि जग निर्माण करणारा ईश्वर मात्र त्यांनी युक्तिवादाने खोडून काढला. काही शतकांनी उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करण्यासाठी 'न्यायकुसुमांजली' लिहिली. तर्काच्या कसोटीवर दोघेही अव्वल. आजच्या प्रश्नावलीत कुमारिलांना कोणत्या रकान्यात टाकणार?

त्यात आणखी एक अडचण म्हणजे लोक खरं सांगत नाहीत. जिथे देव न मानणं कमीपणाचं समजलं जातं तिथे 'मी मानत नाही' हे अनोळखी माणसाला फोनवर कोण सांगेल? यावर एक सुंदर युक्ती आहे. लोकांचे दोन गट करायचे. एका गटाला साधी विधानं असलेली यादी द्यायची, दुसऱ्या गटाला तीच यादी आणि वर 'मी देव मानत नाही' हे एक विधान. कुठलं विधान लागू पडतं ते सांगायचं नाही, एकूण किती लागू पडतात तो आकडा फक्त सांगायचा. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे देव न मानणाऱ्यांचं प्रमाण, आणि कोणा एकालाही तोंड उघडावं लागत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत ही रीत वापरली तेव्हा अंदाज सुमारे २६ टक्के आला. थेट विचारणाऱ्या पाहण्यांत तोच ३ ते ११ टक्के येत होता. म्हणजे ज्यांना आपण श्रद्धाळूंच्या रकान्यात मोजतो त्यांत कितीतरी अश्रद्ध गप्प बसलेले असतात. 'मी नास्तिक' असं उघडपणे सांगणारे लोक सगळ्या अश्रद्धांचे प्रतिनिधी नसतात. त्यांच्यात बहुधा शिकलेले, स्वतःच्या पायावर उभे आणि बोलायला न भिणारे जास्त असणार. नास्तिकांची सरासरी अशाच लोकांवरून निघते.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शितं एकाच कडेची घेतली तर नाही. झुकरमन यांच्या संकलनातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आणि तिच्यासारख्याच काही देशांतले होते, आणि त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. शाळकरी मुलांत हे नातं प्रौढांपेक्षा बरंच क्षीण दिसलं. मूल आईवडिलांच्या छपराखाली असतं आणि घरचा धर्म तोच त्याचा धर्म असतो, तिथे बुद्धीला निवडायला जागाच नसते. इतर देशांत काय दिसतं? १३ देशांतल्या ३,४६१ लोकांवर एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडावर आलेलं पहिलं उत्तर रोखून विचार करण्याची सवय आणि देव न मानणं यांचा त्यात संबंध तपासला होता. एकूण हिशेबात तो फारच बारीक निघाला आणि बहुतेक देशांत तर ठामपणे दिसलाच नाही.

शिक्षणाचं जागतिक चित्रही असंच आडवं जातं. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जगभरच्या प्रौढांच्या शालेय वर्षांची सरासरी काढली. ज्यू १३.४ वर्षं, ख्रिस्ती ९.३ आणि कुठल्याच धर्माशी स्वतःला न जोडणारे ८.८. म्हणजे जगभरात धर्महीन म्हणवणाऱ्यांचं शिक्षण ख्रिस्ती लोकांपेक्षा किंचित कमीच. कारण साधं आहे: अशा लोकांतला मोठा हिस्सा चीनमध्ये राहतो, आणि त्यांची शाळेची वर्षं चीनच्या इतिहासाने ठरली. हिंदू आणि मुसलमान यांची सरासरी ५.६ निघाली. तिथेही शाळा कुठे, कधी आणि कोणासाठी उघडल्या याचा हिशेब आहे, धर्माने अक्कल वाटल्याचा नाही.

देशादेशांची तुलना करून काढलेला एक आकडा मात्र फार फिरतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. २००९ मध्ये रिचर्ड लिन आणि सहकाऱ्यांनी १३७ देशांचा सरासरी बुद्ध्यंक आणि तिथल्या नास्तिकांचं प्रमाण यांचा सहसंबंध ०.६० असल्याचं छापलं. उणे ०.२० च्या तुलनेत हा आकडा दणदणीत वाटतो. पहिली गोष्ट, ज्या राष्ट्रीय बुद्ध्यंकांवर तो उभा आहे ते अनेक देशांसाठी अगदी छोट्या, वाटेल तशा निवडलेल्या नमुन्यांवरून घेतलेले होते. मानवी वर्तन आणि उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्या युरोपातल्या संघटनेने २०२० मध्ये ही माहिती वापरू नये असं जाहीर निवेदनच काढलं. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. गटांच्या सरासऱ्यांमधलं नातं माणसांना लावता येत नाही. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये हे कायमचं दाखवून दिलं. १९३० च्या अमेरिकी जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती, सहसंबंध उणे ०.५३. यावरून परदेशी लोक जास्त साक्षर होते असं वाटेल. एकेक माणूस धरून पाहिलं तर सहसंबंध अधिक ०.१२ निघाला. परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्तच होती. झालं होतं असं, की हे लोक जाऊन स्थायिक झाले ती राज्यं आधीपासूनच साक्षर होती. राज्याचा गुण माणसाला चिकटवला आणि चिन्हसुद्धा उलटं झालं. श्रीमंत, सुरक्षित, म्हाताऱ्या माणसांची नीट सोय लावणाऱ्या देशांत शाळाही चांगल्या असतात आणि धर्माचं बळही ओसरतं. दोन्ही एकाच कारणाने होतात, एकमेकांमुळे होतात असं त्यावरून म्हणता येत नाही.

'विचार केला की श्रद्धा गळते' हे प्रयोगाने सिद्ध झालं आहे, असंही सांगितलं जातं. तो प्रयोग काय होता ते पाहू. २००५ मध्ये शेन फ्रेडरिक यांनी तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी बनवली. त्यातला एक: तळ्यात कमळाची पानं पसरत आहेत, त्यांनी व्यापलेली जागा रोज दुप्पट होते, सगळं तळं झाकायला ४८ दिवस लागतात, तर अर्धं तळं झाकायला किती? तोंडावर येतं २४. उत्तर आहे ४७, कारण शेवटच्या एका दिवसात अर्ध्याचं पूर्ण होतं. तोंडावर आलेलं उत्तर रोखणारे लोक अमेरिकेतल्या नमुन्यांत थोडे कमी श्रद्धाळू निघाले. मग २०१२ मध्ये विल जर्वेस आणि आरा नोरेन्झायन यांनी एक पाऊल पुढे टाकलं. कॅनडातल्या ५७ विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांनी फ्रेंच शिल्पकार रोदँच्या 'विचारमग्न' पुतळ्याची चित्रं दाखवली आणि काहींना थाळीफेक करणाऱ्या पुतळ्याची. पहिल्या गटाने देवावरचा विश्वास शंभरपैकी सुमारे २० गुणांनी कमी सांगितला. 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं आणि जगभर पोचलं.

चित्र पाहून २० गुणांनी विश्वास उतरतो, एवढ्यावरच शंका यायला हवी होती. आयुष्यभराची श्रद्धा इतकी ठिसूळ असती तर चांगली शाळा किंवा एखादं कोडं पुरलं असतं. पुढे हाच प्रयोग शेकडो लोकांवर पुन्हा केला, परिणाम दिसला नाही. २०१८ मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स' यांतले २१ प्रयोग पुन्हा करून पाहणारा एक मोठा प्रकल्प पुरा झाला. त्यात १३ टिकले, हा टिकला नाही. जर्वेस यांनी आपला मूळ प्रयोग कच्चा होता हे उघड मान्य केलं, आणि १३ देशांच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला तोही त्यांच्याच पुढाकाराने झाला. स्वतःचं गाजलेलं काम असं तपासून खाली ठेवणं ही या सगळ्या विषयातली मला सर्वात आदराची वाटणारी गोष्ट आहे.

मग माणूस अश्रद्ध कशाने होतो? जर्वेस यांच्या गटाने २०२१ मध्ये अमेरिकेतल्या १,४१७ लोकांच्या प्रातिनिधिक नमुन्यावर निरनिराळी कारणं एकमेकांसमोर ठेवून पाहिली. सर्वात वजनदार ठरलं ते हे: लहानपणी आजूबाजूची मोठी माणसं श्रद्धेसाठी पदरमोड करताना दिसली का? उपास करणं, वेळ आणि पैसा देणं, अडचण सोसून नियम पाळणं. नुसतं तोंडाने देव-देव करणारं घर मुलाला पटत नाही, झीज सोसणारं घर पटतं. असं काही न पाहता वाढलेली मुलं मोठेपणी अश्रद्ध होण्याची शक्यता सर्वात जास्त होती. चिंतनशील विचाराचा वाटाही होता, पण बराच लहान.

इतिहासाने याची एक मोठी चाचणी घेऊनच ठेवली आहे. १९४९ मध्ये जर्मनीचे दोन देश झाले. भाषा एक, माणसं एक, आधीचा धर्म बहुतांशी एक. पूर्वेत १९५० च्या सुमारास दहापैकी नऊ जण चर्चचे सदस्य होते. तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने शाळांतून नास्तिकता शिकवली आणि चर्चमध्ये जाणाऱ्यांची पुढची शिक्षणं अडवली. किशोरांच्या धार्मिक दीक्षेऐवजी सरकारी समारंभ सुरू झाला. चाळीस वर्षांनी सदस्य उरले दहापैकी तीनच्या आसपास, पश्चिमेत मात्र बहुसंख्य लोक सदस्यच राहिले. १९९० मध्ये देश एक झाला, राजवट गेली, आणि तरीही पूर्व जर्मनी आजतागायत जगातल्या सर्वात कमी धार्मिक प्रदेशांपैकी एक आहे. तिथल्या नातवंडांनी देवाविरुद्धचे युक्तिवाद वाचून देव सोडलेला नाही. श्रद्धाळू घरातल्या मुलाला श्रद्धा मिळते तशीच त्यांना अश्रद्धा घरातून मिळाली. वारशाने मिळालेल्या अश्रद्धेसाठी अकलेचं प्रशस्तिपत्र का द्यायचं?

तो छोटासा उलटा संबंध कुठून येतो, याचं उत्तरही मला इथेच दिसतं. जिथे सगळा समाज देव मानतो तिथे न मानणं म्हणजे प्रवाहाबाहेर पडणं. त्यासाठी वेगळं वाचन लागतं, एकटं पडायची तयारी लागते, आणि समाजाने टाकलं तरी पोट भरेल इतकी ऐपत लागते. या तिन्ही गोष्टी चाचणीत चांगले गुण मिळवणाऱ्यांकडे थोड्या जास्त असतात. झुकरमन यांनी सुचवलेल्या कारणांतही रूढी न जुमानण्याची वृत्ती हे एक आहे. हे खरं असेल तर जिथे न मानणं हाच प्रवाह आहे तिथे नातं पुसट व्हायला हवं किंवा उलटायला हवं. हाँगकाँग आणि तैवानमधल्या शास्त्रज्ञांची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी या बाजूने बोलते. हाँगकाँगमध्ये स्वतःला धार्मिक म्हणणारे शास्त्रज्ञ ३९ टक्के निघाले, सामान्य लोक २० टक्के. तैवानमध्ये ५४ आणि ४४. अमेरिकेत हेच चित्र नेमकं उलटं असतं.

शास्त्रज्ञांचा विषय निघालाच आहे तर दोन्ही बाजूंच्या आवडत्या दाखल्यांबद्दल बोलायला हवं. एक बाजू सांगते, की अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीतले फक्त ७ टक्के सदस्य प्रार्थनेला उत्तर देणारा देव मानतात. १९९८ चा हा आकडा खरा आहे. पण विचारलं होतं ५१७ जणांना, उत्तर दिलं निम्म्याहून थोड्याच अधिकांनी, आणि प्रश्न ल्यूबांचाच होता. दुसरी बाजू न्यूटन, फॅरेडे, मॅक्सवेल, मेंडेल यांची नावं घेते. न्यूटनने धर्मावर पानंच्या पानं लिहिली हे खरं, पण त्याने त्याच हातांनी किमयागिरीही केली. ज्या काळात अश्रद्ध असणं शिक्षेचं होतं त्या काळातल्या नावांनी काय सिद्ध होणार? नावं मोजायचीच असतील तर एकच जोडी पुरे. १९७९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल शेल्डन ग्लॅशो यांच्यासोबत अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांना विभागून मिळालं. सलाम निष्ठावान मुसलमान, मेजवानीच्या भाषणात त्यांनी कुराणातल्या ओळी म्हटल्या. वाइनबर्ग उघड नास्तिक, धर्माचे कडक टीकाकार. विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलं मुळात एक आहेत, या एकाच सिद्धांतापाशी दोघे स्वतंत्रपणे पोचले. देव असण्या-नसण्याने त्या गणितातलं एक पदही बदललं नाही.

बुद्धीचं खरं काम काय चालतं, हे डेव्हिड पर्किन्स यांच्या गटाने १९९१ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसतं. लोकांना एखाद्या वादाच्या प्रश्नावर आपल्या आणि विरुद्ध बाजूची कारणं मांडायला सांगितली. ज्यांचा बुद्ध्यंक जास्त त्यांनी कारणं जास्त दिली, पण ती वाढली फक्त स्वतःच्या बाजूची. विरुद्ध बाजूच्या कारणांची संख्या बुद्ध्यंकाबरोबर वाढली नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही वृत्ती हुशारीने जात नाही, हुशारीने तिला चांगला वकील मिळतो. कीथ स्टॅनोविच यांनी पुढे वर्षानुवर्षं हेच तपासलं. आपल्या बाजूला झुकतं माप देण्याची खोड बुद्ध्यंकाशी जवळजवळ जोडलेलीच नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

म्हणूनच अत्यंत हुशार माणसं अत्यंत चुकीच्या गोष्टी छातीठोकपणे मानू शकतात, देवासह आणि देवाशिवायही. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडणाऱ्या, ओम शिनरिक्यो या जपानी धार्मिक पंथाच्या पाच जणांत एक हृदयशल्यविशारद होता आणि तिघे भौतिकशास्त्र शिकलेले होते. दुसरीकडे सोव्हिएत संघात, जिथे नास्तिकता हेच सरकारी धोरण होतं, आनुवंशिकी नाकारणाऱ्या लायसेंकोचं खोटं शेतीशास्त्र १९४८ मध्ये अधिकृत झालं आणि आनुवंशिकीवर बंदी आली. त्याआधीच निकोलाय वाविलोव यांच्यासारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मेला होता. कॅरी म्युलिस यांनी जनुकीय तुकड्याच्या लाखो प्रती काढायची पीसीआर पद्धत शोधून १९९३ मध्ये नोबेल मिळवलं. याच म्युलिस यांचा फलज्योतिषावर विश्वास होता आणि एड्स एचआयव्हीमुळे होतो हे त्यांनी नाकारलं.

अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांसाठी यातून एक अगदी व्यवहाराची गोष्ट निघते. माणसाची अक्कल काढली, की तो दावा सोडून स्वतःला वाचवायला लागतो. तिथून पुढे काहीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. त्यापेक्षा दावा माणसापासून सोडवून समोर ठेवावा आणि तो तपासता येण्यासारखा आहे का, हे दोघांनी मिळून ठरवावं. 'या जगाला काही अर्थ आहे' हे तपासता येत नाही. 'दुसऱ्यांनी प्रार्थना केली की रोगी बरा होतो' हे तपासता येतं, आणि ते तपासलंही गेलं. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या १,८०२ हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांचे तीन गट केले. पहिल्यासाठी प्रार्थना झाली आणि दुसऱ्यासाठी झाली नाही. या दोघांनाही 'होईल किंवा होणार नाही' एवढंच सांगितलं. तिसऱ्यासाठी प्रार्थना झाली आणि ती होणार हे रुग्णांना माहीत होतं. गुंतागुंत झाली ती अनुक्रमे ५२, ५१ आणि ५९ टक्के रुग्णांत. निकाल २००६ मध्ये छापला. प्रयोगाला पैसा दिला होता धर्माबद्दल आस्था असलेल्या टेम्पलटन फाउंडेशनने. श्रद्धेची बाजू असलेल्यांनी प्रश्न विचारला, पद्धत आधी ठरवली आणि न आवडणारं उत्तर दडवलं नाही. इथे कोणाचाही बुद्ध्यंक विचारायची वेळ आली नाही.

आपल्या बाजूचं झुकतं माप कमी कसं करायचं, यावरही एक जुना, उपयोगी प्रयोग आहे. चार्ल्स लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये फाशीच्या शिक्षेवर ठाम मतं असलेल्या लोकांना संशोधनाचे अहवाल वाचायला दिले. काहींना सांगितलं, 'निःपक्षपातीपणे वाचा.' त्याने फरक पडला नाही. काहींना सांगितलं, 'प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा, याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निकाल उलटा आला असता तर मी त्याला इतकेच गुण दिले असते का?' त्याने पडला.

झुकरमन यांच्या ६३ अभ्यासांना हा प्रश्न लावून पाहा. सहसंबंध उणेऐवजी अधिक ०.२० निघाला असता, श्रद्धाळू थोडे जास्त हुशार ठरले असते, तर आज तो आकडा मिरवणाऱ्या नास्तिकाने लगेच विचारलं असतं: श्रद्धा कुठल्या प्रश्नाने मोजली? नमुना कुठल्या देशाचा? विद्यार्थी किती? शिक्षण वजा केलं का? आणि ४ टक्क्यांवरून एखाद्या माणसाबद्दल काय कळतं? आज हेच प्रश्न श्रद्धाळू विचारतात, आणि तेव्हा तेच ते विचारायला विसरले असते.